बाटलीचा कोट

बाटलीला कोट शिवणारा शिंपी तुम्ही पाहिला नसेल. मास्तरांनी शिवला होता. चांगल्या राखाडी लोकरी कापडाचा, आतून फलालीनचं अस्तर, गळ्याशी एक बटण आणि काज हातानं केलेलं. एका गिऱ्हाइकाच्या ओव्हरकोटातून उरलेलं कापड होतं ते, पण उरलेलं म्हणून मास्तरांनी कामात हयगय केली नव्हती. बाटलीची मापं टेपनं घेतली होती. बायको म्हणाली होती, "खांदे फारच उतरते आहेत हो हिचे, पॅड घाला." ती टिंगल होती हे कळायला मास्तरांना थोडा वेळ लागला, कारण तेवढ्यात त्यांनी पॅडचा विचार सुरू केला होता.

त्या कोटावर एका सकाळी डाग दिसला.

खाली दुकान आणि वर दोन खोल्यांचं घर अशी मास्तरांची जागा. दुकानात कापड बेतायचं मोठं टेबल होतं. त्याच्याखाली भिंतीकडच्या अंधाऱ्या, गार कोपऱ्यात एका लाकडी खोक्यात ती बाटली वर्षानुवर्षं आडवी पडून होती. लोकरीला कसर लागू नये म्हणून मास्तर अधूनमधून कोट तपासत. त्या दिवशी गळ्याच्या बटणापाशी काळपट ओल लागली. बोट लावून त्यांनी नाकाशी नेलं, तर वाईनच होती. दारात एक गिऱ्हाईक पँटची लांबी कमी करायला उभं होतं, त्याला "आलोच" म्हणून मास्तर जिना चढून वर गेले.

"अगं, बूच पाझरतंय."

बाई वाटाणे सोलत होत्या. "कुठलं बूच?" त्यांनी विचारलं, पण हात थांबला होता. त्या घरात बूच असलेली बाटली एकच होती.

मास्तरांच्या बायकोला सगळं गाव 'बाई' म्हणे, कारण गावाबाहेरच्या वायनरीत तिला सगळे बाई म्हणत. तिथं त्या वाईन चाखायच्या आणि मिश्रणं जुळवायच्या कामाला होत्या. लोकांना वाटे, काय नशीब काढलंय, दिवसभर प्यायचं आणि वर पगार घ्यायचा! प्रत्यक्षात ते दिवसभर थुंकायचं काम होतं. एक घोट घ्यायचा, तोंडात खेळवायचा, बादलीत थुंकायचा आणि काय वाटलं ते सांगायचं. चाखायच्या खोलीत खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडलेल्या असत. एखाद्यानं नाक मुरडलं किंवा भुवई उचलली की शेजारच्याचं मत तिथंच बिघडतं, म्हणून कुणी कुणाचं तोंड बघायचं नाही असा तिथला शिरस्ता होता. मत सांगून झाल्यावरच खुर्ची फिरवायची.

मास्तरांचा या सगळ्याशी संबंध नव्हता. लग्न नवं होतं तेव्हा बाईंनी एका संध्याकाळी थोडी शिराज, म्हणजे एक लाल वाईन, आणून दिली आणि विचारलं, "कसला वास येतो?" मास्तर दोन मिनिटं ग्लासात नाक घालून बसले आणि घामाघूम झाले. शेवटी बाईंनाच दया आली. "काळी मिरी येते ना जराशी?" "येते की!" मास्तर म्हणाले. तेव्हापासून बाईंनी कुठलीही वाईन पुढं केली, लाल असो की पांढरी, तरी मास्तरांचं उत्तर ठरलेलं असे: मिरी. ही गोष्ट वायनरीत पोचायला वेळ लागला नाही. तिथली माणसं त्यांना मिरीशेठ म्हणू लागली, आणि कपडे शिवायला आली की "काय मिरीशेठ, पँट तिखट नका शिवू" म्हणून चिडवू लागली. मास्तर हसत. आपल्याला वाईनमधलं ओ की ठो कळत नाही, हे त्यांनी कधी लपवलं नव्हतं.

कोट घातलेली बाटली मात्र साधी बाटली नव्हती.

लेक पोटात होती त्या वर्षी बाईंनी पहिल्यांदा स्वतःच्या अकलेनं एक मिश्रण जुळवलं होतं. डोंगराच्या सावलीतल्या उतारावरची शिराज, काळीभोर, अंगानं भरदार आणि तुरट. तिच्यात दुसरं काही गोडगुलाबी मिसळायचं नाही, उन्हाच्या बाजूची थोडी शिराजच घालायची आणि मुरायला ठेवायची, असं बाईंचं म्हणणं. मालकांनी घोट घेतला आणि खुर्ची फिरवून सगळ्यांसमोर विचारलं, "हे प्यायचं की चावायचं?" बाई म्हणाल्या, "आज प्यायचं नाही. ठेवायचं. काही वर्षांनी मऊ होईल, उघडेल." मालक म्हणाले, "दिवस गेलेल्या बाईच्या जिभेवर मी माझा माल सोडून देऊ?" खोलीत हशा पिकला. दुपारपर्यंत ते सगळं मिश्रण रोजच्या स्वस्त लाल वाईनच्या टाकीत गेलं. कोठीवाल्या काकांचा बाईंवर जीव होता, त्यांनी त्याआधी थोड्या बाटल्या भरून बाजूला ठेवल्या, तेवढ्याच वाचल्या.

त्या बाटल्या घरी आल्या आणि घरातल्या मोठ्या दिवसांना एकेक उघडली गेली. लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला एक. ती शिकायला परगावी निघाली तेव्हा एक. तिच्या लग्नाला एक. प्रत्येक वेळी बाई डोळे मिटून घोट घेत, आणि डोळे उघडून म्हणत, "अजून नाही." शेवटची बाटली त्यांनी नोकरीच्या शेवटच्या दिवसासाठी ठेवली. तेव्हा ती नक्की उघडेल, असं त्यांना वाटत होतं.

पण त्याआधी तापानं गाठलं. ताप उतरला आणि वास गेला. तो गेल्याचं कळलं तेही दुधामुळे. मास्तर खाली शिवत बसले होते. जळक्या दुधाचा वास जिन्यावरून खाली आला तेव्हा ते धावत वर गेले, तर बाई शेगडीशेजारी बसून शांतपणे पेपर वाचत होत्या आणि पातेलं काळं पडलं होतं. बाईंनी आधी पातेल्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. "अहो, मला आलाच नाही," त्या म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले येईल, वाट बघा. वाट बघितली. तो आला नाही. बाईंनी नोकरी सोडली, आणि नंतर वाईनचा थेंबही तोंडाला लावला नाही. "पाण्याला रंग दिलाय असं लागतं," असं एकदाच म्हणाल्या. टेबलाखालच्या बाटलीचा विषय घरात निघेनासा झाला.

आणि आता बूच पाझरत होतं.

"म्हणजे हवा आत चाललीय," बाई म्हणाल्या. "आता फार दिवस नाहीत तिचे."

"मग उघडायची?"

"कशाला? मला काय कळणार आहे? ओतून टाका मोरीत."

खाली जाऊन मास्तरांनी पँटची लांबी मापली, तीही चुकीची. दुपारी जेवताना ते म्हणाले, "तुझ्या हाताखाली शिकलेली ती, आता मुख्य आहे ना तिथं? तिला बोलवू. ती सांगेल."

"ती छानच म्हणेल. माझ्या तोंडावर वाईट म्हणायची तिची छाती नाही," बाई म्हणाल्या. "आणि तिनं ती वाईन कोवळी असताना कुठं चाखलीय? कापड किती आटलं ते सांगायला आधीचं माप माहीत लागतं. तुम्हीच म्हणता."

"मग आता ते माप माहीत असलेलं आहे कोण? मालक गेले, कोठीवाले काका गेले."

"तुम्ही आहात."

मास्तरांना ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "मी? मिरीशेठ?"

"तुम्ही. मालकांनी सगळं टाकीत ओतलं त्या दिवशी मी घरी येऊन तुम्हाला एक घोट दिला होता. आठवतंय? तुम्ही तेव्हा मिरी म्हणाला नव्हता."

मास्तरांना काही आठवत नव्हतं.

"तुम्ही कोटाच्या छातीत ताठपणासाठी कॅनव्हास लावत होता. घोट घेतलात आणि म्हणालात, ही न भिजवलेल्या कॅनव्हाससारखी आहे. माल चांगला आहे, पण नुसता उभा राहतोय, अंगाला बसत नाही. पाण्यातून काढून वाळवायला हवा." बाईंनी त्यांना आणखी पाणी दिलं. "मी रात्रभर रडले होते, पण त्या वाक्यानं माझा धीर टिकला. त्या अख्ख्या वायनरीत कुणाला एवढं कळलं नव्हतं. आणि तुम्ही विसरलात."

मास्तर ताटाकडे बघत राहिले. एवढी वर्षं बायकोनं आपलं एक वाक्य जपून ठेवलं आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही, याची त्यांना लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला.

"मला फक्त एवढंच कळायला हवंय," बाई म्हणाल्या. "ती उघडली का? मी बरोबर होते, की मालक म्हणाले तसं, दिवस गेलेल्या बाईची जीभ? एवढं कळलं की झालं. पण एक अट. आरशासमोरच्या गिऱ्हाइकाशी बोलता तसं माझ्याशी बोलायचं नाही."

हा घाव नेमका बसला. आरशासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला "छान दिसतंय" म्हणणं हा मास्तरांच्या हाडीमाशी खिळलेला गुण होता. ढेरपोट्यालाही ते "अंगानं भरलात, शोभतंय" म्हणत. खोटं बोलतोय असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. समोरच्याचं तोंड बघितलं की ते आपोआप बाहेर पडे.

त्या दुपारपासून शिकवणी सुरू झाली. जेवणानंतर दुकान थोडा वेळ बंद असे, तेवढ्या वेळात. बाईंनी कोपऱ्यावरच्या दुकानातून एक साधी शिराज आणायला लावली. मास्तरांनी ती आणून फ्रिजमध्ये ठेवली, आणि पहिली बोलणी तिथंच खाल्ली. "गार केली की तोंड मिटून बसते ती. आणि चुलीजवळ ठेवली की नुसती दारू लागते. तुमच्या टेबलाखाली असते तेवढी गार हवी." मग ग्लास तळाशी दांडीला धरायचा, हाताची ऊब लागू द्यायची नाही. तिसऱ्या हिश्शाहून जास्त भरायचा नाही. पांढऱ्या कापडावर तिरका धरून रंग बघायचा. आधी न हलवता वास घ्यायचा, मग ग्लास गोल फिरवून पुन्हा. मास्तरांनी पहिल्यांदा फिरवला तेव्हा अर्धी वाईन एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर गेली. शर्ट मास्तरांना पदरचं कापड घालून पुन्हा शिवावा लागला.

"बोला. काय येतं?"

"मिरी."

"अहो!"

"येतेच आहे तर काय करू?"

"येते आहे, की सवयीनं म्हणताय?"

हे मास्तरांना स्वतःलाही सांगता येईना. मग बाईंनी स्वयंपाकघरातले डबे काढले. मास्तरांच्या डोळ्यांवर कापडाची पट्टी बांधून एकेक डबा नाकाखाली धरायला लागल्या. लवंगेला मास्तर मिरी म्हणाले. कॉफीला जळकं म्हणाले. मिरीला लवंग म्हणाले. चामड्याचा पट्टा मात्र त्यांनी झटक्यात ओळखला. तुतीचा मुरांबा ओळखला आणि वर चमचाभर खाऊनही घेतला. बाई डबे धरत होत्या, झाकणं उघडून बघत होत्या, आणि त्यांना स्वतःला त्यातलं काहीही येत नव्हतं. पट्टी सोडल्यावर मास्तरांच्या ते लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी ते न सांगता वेळेच्या आधीच वर आले.

फोनवर लेकीला हे कळलं तेव्हा ती खो खो हसली. "बाबांना? आई, ते चहालासुद्धा मिरी म्हणतील." मग हसू थांबवून हळूच म्हणाली, "बाबा, आईला खोटं नका सांगू हं. तिला बरोबर कळतं." मास्तर म्हणाले, "तुझी आई माझ्याकडे पाठ करून बसणार आहे." "मग तर तिला नक्कीच कळेल," लेक म्हणाली.

वासाच्या बाबतीत शिकवणी रखडतच चालली. पण एके दिवशी बाईंनी कंटाळून विचारलं, "बरं, वास राहू द्या. तोंडात वजन किती लागतं ते तरी सांगा."

"कापडासारखं?"

"कापडासारखं सांगा."

मास्तरांनी घोट घेतला, जिभेवर ठेवला, गालांत फिरवला. "काल तू आणायला लावलेली ती पांढरी अस्तराच्या कापडाची होती. तोंडात आली कधी आणि गेली कधी, कळलं नाही. ही कोटाची आहे. खांद्यावर बसते. पण..." ते अडखळले. "हिरड्यांना धरते. आणि वरून इस्त्री जास्त झालीय, थोडी करपलीय."

बाई उठून उभ्या राहिल्या. "पिंपं! वाईन मुरवायची लाकडी पिंपं जास्त भाजलीत त्यांनी आतून! अहो, तेच आहे ते करपलेलं! आणि हिरड्यांना धरते तो तुरटपणा. कडक चहा प्यायल्यावर येतो ना, तसा. भरदार शिराजचा तो कणा असतो. कोवळेपणी बोचतो, मुरला की मऊ होतो." किती तरी महिन्यांनी त्यांचा आवाज वायनरीतल्यासारखा झाला होता. मास्तर बघतच राहिले.

बूच आणखी पाझरलं तेव्हा बाई म्हणाल्या, "आता उद्याच."

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांनी दुकानाचं दार आतून लावलं. बेतायच्या टेबलावर पांढरं कापड पसरलं, दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडल्या. बाटलीचा कोट काढला, घडी घालून बाजूला ठेवला. बूच काढताना ते अर्ध्यातच भुगा झालं.

"गाळून घ्यावी लागेल," बाई म्हणाल्या. "मलमल आहे का?"

मास्तरांनी कपाटातून नवी मलमल काढली, एक तुकडा फाडला, आणि फाडता फाडता नाकाशी नेला. ही सवय नवीच लागली होती. "हिला खळ आहे," ते म्हणाले. "वाईनला वास लागेल." बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मास्तरांनी चष्मा पुसायचं फडकं खिशातून काढलं. लेकीच्या झबल्यातलं कापड होतं ते, धुऊन धुऊन कोळ्याच्या जाळ्यासारखं विरलेलं. त्यांनी ते वर जाऊन उकळत्या पाण्यातून काढलं, पिळलं, हुंगलं. कसलाच वास नव्हता. त्यातून त्यांनी वाईन हळूहळू गाळली.

मग दोघं पाठीला पाठ लावून बसले. बाईंचं तोंड दाराकडे, मास्तरांचं भिंतीकडे, जिथं कात्र्या टांगल्या होत्या.

"रंग?" मागून प्रश्न आला.

"पूर्वी जांभळी होती ना? आता नाही. मधे काळपट लाल, कडेला विटेचा रंग आलाय."

"बरोबर. वास?"

मास्तरांनी वास घेतला. त्यांना बंद कपाट आठवलं, ओलं गोणपाट आठवलं. ग्लास फिरवून त्यांनी पुन्हा घेतला. तेच. छोटा घोट घेतला. पातळ, दमलेला. मागं बाईंची खुर्ची करकरली.

"बोला."

मास्तरांच्या ओठांवर 'छान' हा शब्द येऊन बसला होता. आयुष्यभराची सवय होती. मागं बसलेल्या बाईला वास येत नाही, तिला कधी कळणार नाही, एका शब्दानं तिचं उरलेलं आयुष्य गोड होईल. समोरच्या भिंतीवर आरसा असता तर त्यांनी तो म्हटलाही असता. पण समोर कात्र्या होत्या.

"बंद कपाटाचा वास येतोय," ते म्हणाले. "ओल्या गोणपाटाचा. आणि तोंडात दमल्यासारखी वाटते."

मागून "बरं" असं ऐकू आलं. एवढा बारीक 'बरं' मास्तरांनी बाईंच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. आपली जीभ झडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

"ग्लास तसाच ठेवा," थोड्या वेळानं बाई म्हणाल्या. "म्हातारं माणूस झोपेतून उठलं की लगेच बोलत नाही. थोडी हवा लागू दे."

मग ते नुसते बसून राहिले. काय बोलावं कळेना, म्हणून मास्तर जुनं बोलू लागले. वरच्या खोलीत सुरुवातीला नळ गळायचा आणि त्याखाली ठेवलेल्या बादलीत रात्रभर टपटप व्हायची. लेक मशीनच्या आवाजाशिवाय झोपायची नाही, म्हणून शिवायला काही नसलं तरी मास्तर नुसतं पायडल मारत बसायचे.

"आणि मी यायचे तेव्हा दात जांभळे असायचे माझे," बाई म्हणाल्या. "जिन्यावर शेजारीण भेटली की तोंड मिटून हसायचे."

"तू जिना चढायला लागलीस की तुझ्याआधी तुझा वास वर यायचा."

"कसला?"

"ते मला कधी सांगता आलं नाही. लाकडाचा, द्राक्षांचा, तुझ्या लोकरी स्वेटरचा. सगळं मिळून. मशीन चालू असतानाही मला कळायचं, तू आलीस. तू वायनरी सोडलीस आणि तो वास गेला घरातून. तुझा वास गेला म्हणून सगळे हळहळले. माझाही एक गेला होता, पण ते कुणाला सांगणार."

बाईंच्या खुर्चीची पाठ त्यांच्या पाठीला जास्त टेकली.

बोलता बोलता मास्तरांनी ग्लास उचलला, न ठरवता, तहान लागल्यासारखा. तो नाकापाशी आला आणि ते जागच्या जागी थांबले.

कपाट उघडलं होतं. गोणपाटाचा मागमूस नव्हता. लाकूड होतं, चामडं होतं, सुकलेली तुती होती, थोडा धूर होता. पण मास्तरांनी यातलं काही वेगळं मोजलं नाही. त्यांना फक्त एवढंच कळलं, की संध्याकाळ झाली आहे, मशीन चालू आहे, लेक झोपली आहे आणि जिन्यावर पावलं वाजत आहेत.

"अगं," ते म्हणाले. "अगं, तू जिना चढतेयस."

"काय?"

"तोच वास आहे. तोच."

"मिरी?" बाईंनी विचारलं.

"नाही. मिरी अजिबात नाही."

एवढ्या वर्षांत मास्तरांनी हे वाक्य पहिल्यांदा उच्चारलं होतं. त्यांनी घोट घेतला आणि जिभेवर ठेवला. "कॅनव्हास भिजलाय," ते सावकाश म्हणाले. "आटायचा तेवढा आटलाय, वाळलाय. वजन तेवढंच आहे, पण आता नुसता उभा राहत नाही. अंगाला बसतो. खांद्यावर हात ठेवल्यासारखा बसतो."

"आरशासमोरचं बोलताय तुम्ही."

"माझ्यासमोर आरसा कुठं आहे? कात्र्या आहेत!" मास्तर चिडलेच. "मघाशी कपाट म्हणालो ते लगेच पटलं तुला. आता चांगलं म्हणतोय तर पटत नाही? तू बरोबर होतीस. तेव्हाही होतीस. सगळ्यांनी मिळून चूक केली आणि ती तुझ्या नावावर टाकली."

खुर्ची फिरल्याचा आवाज झाला. बाई त्यांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. डोळे वाहत होते आणि त्या ते पुसतही नव्हत्या. त्यांनी मास्तरांच्या हातातला ग्लास घेतला, पण ओठांपाशी नेऊन थांबवला.

"मला काय कळणार," त्या म्हणाल्या.

"वास नाही कळणार. वजन कळेल की. कापडाचं वजन कळायला वास कुठं लागतो?"

बाईंनी घोट घेतला. डोळे मिटले. पूर्वीसारखाच तो त्यांनी तोंडात फिरवला, गालांत नेला, हिरड्यांवर पसरला. वास आला नाही. पण जिभेवर काहीतरी भरदार येऊन टेकलं, हलकेच पसरलं, आणि जिथं बोचायला हवं होतं तिथं मऊ झालं. तिथं बादली नव्हती, आणि असती तरी त्या थुंकल्या नसत्या. त्यांनी तो घोट गिळला, आणि बराच वेळ डोळे उघडले नाहीत. मास्तरांचा जीव टांगणीला लागला. आता "अजून नाही" म्हणते की काय!

"अहो," बाई म्हणाल्या, "चावावी लागत नाही."

"मग पी की," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी दुसरा ग्लास आणायला जिन्याकडे धाव घेतली.